वाढत्या मंडळीचे ध्येय कोणी ठरवावे आणि कसे?

पांदणवाट

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. वडिलांच्या काळी मिशनच्या जुन्या कंपाउंडमधील मोजकी घरे एवढीच मंडळी होती आणि रविवारी कोण आले नाही हे न मोजताही कळत असे. गेल्या काही वर्षांत आसपासच्या खेड्यांतून नवी कुटुंबे उपासनेला येऊ लागली आहेत. त्यांपैकी बहुतेक रोजमजुरी करणारी, काही सालदार, तर काही दोन-तीन एकर कोरडवाहू शेती कसणारी आहेत. आता दर रविवारी ओसरीवर सतरंज्या टाकाव्या लागतात आणि पावसाळ्यात ओसरीवर बसलेली माणसे भिजतात.

या वाढीबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. परंतु तिच्यामुळेच पुढे काय करायचे यावर कमिटीत एकमत होत नाही. काही वडीलजनांना मोठे मंदिर, म्हणजे उपासनेची इमारत, बांधायचे आहे, काहींच्या मते खेड्यांतील घरसभांसाठी पूर्णवेळ सेवक नेमला पाहिजे, आणि तरुण संघाला मुलांसाठी अभ्यासिका हवी आहे. तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण तिन्हींना पुरेल एवढे दानार्पण नाही. पाळकसाहेबांचे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचे, म्हणणे असे की, मागण्यांवर मतदान घेण्याआधी मंडळीने आपले ध्येय ठरवावे. त्यासाठी बाहेरगावच्या एका वक्त्यांनी एका पानाचा मसुदा तयार करून दिला आहे. तो वाचायला चांगला वाटतो. मात्र त्यातील आमच्या गावाचे नाव काढून दुसऱ्या कोणत्याही गावाचे घातले, तरी एक अक्षर बदलावे लागणार नाही.

ज्यांच्या मंडळीत असे काम झाले आहे त्यांना विचारतो : ध्येय ठरवण्याचा अधिकार कोणाचा, पाळकांचा, कमिटीचा की साऱ्या मंडळीचा? किती दिवस द्यावेत? आणि ज्यांचे म्हणणे मान्य होणार नाही, त्यांना सोबत कसे ठेवावे?

वर्धाकाठ

गावाचे नाव बदलले तरी मसुदा तसाच राहतो, हे तुमचे निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आमच्याकडे नेमके तेच घडले. वेदीच्या उजव्या भिंतीवर निळ्या रंगात 'वचनात दृढ, प्रीतीत एक, सेवेत तत्पर' असे सुबक अक्षरांत लिहून घेतले गेले. त्या वाक्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. परंतु पुढच्या वर्षी कंपाउंडची पडलेली भिंत बांधावी की शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवावे, असा प्रश्न आला, तेव्हा सभेतील एकाही माणसाने त्या वाक्याकडे मान वळवून पाहिले नाही. भिंत बांधली गेली, कारण त्या बाजूने बोलणारे अधिक होते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, जे ध्येय मंडळीला एखाद्या चांगल्या कामालाही 'आत्ता नाही' म्हणायला शिकवत नाही, ते अजून ठरलेले नाही. तुमच्या मसुद्याला एवढेच विचारून पाहा : मंदिर, सेवक आणि अभ्यासिका यांपैकी आधी काय, हे त्यावरून कळते का? कळत नसेल, तर तो बाजूला ठेवायला हरकत नाही.

जुनीवेस

मला थोडे वेगळे मांडायचे आहे. मंडळी ही ग्रामसभा नव्हे. मोशेने लोकांचा कौल घेऊन मिसर देश सोडला नाही. उलट बायबलमधील गणनेच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात लोकांनी आपल्या मनाने ठरवायला घेतले, तेव्हा नवा पुढारी नेमून मिसरात परत जाण्याची भाषा सुरू झाली. दर्शन देव देतो, आणि ते बहुधा प्रार्थनेत वेळ घालवणाऱ्या माणसाला देतो. पाळक आणि वडीलजन यांनी उपास करून, वचन शोधून देवाची इच्छा जाणून घ्यावी आणि मग ती मंडळीपुढे ठेवावी. साऱ्यांना काय हवे ते विचारत गेलो, तर हाती ध्येय येणार नाही, मागण्यांची यादी येईल. आणि ती यादी पांदणवाट यांच्याकडे आधीच आहे.

नीतिसूत्रांच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अठरावे वचन या विषयावर नेहमी सांगितले जाते, पण बहुतेक वक्ते त्याचा पहिला अर्धाच भाग सांगतात : दर्शन नसले की लोक अनावर होतात. दुसऱ्या अर्ध्या भागात नियमशास्त्र पाळणारा धन्य आहे असे म्हटले आहे. दर्शनाचा संबंध तिथे आज्ञापालनाशी आहे, आपल्या योजनांशी नाही.

वेचणी

जुनीवेस काका, प्रार्थनेबद्दलचा तुमचा आग्रह मला मान्य आहे. पण प्रार्थनेनंतर जे ठरते ते कोणाच्या उपस्थितीत ठरते, हेही पाहिले पाहिजे.

आमच्याकडे उपासना साडेबाराच्या सुमारास संपते आणि लगेच मंडळीची सभा सुरू होते. खेड्यांकडे जाणारी एसटी पाऊण वाजता सुटते. ती गेली की दुसरी थेट संध्याकाळी. त्यामुळे शेवटचे गीत सुरू होताच मागच्या रांगेतील बाया पदर सावरतात, लेकरू कडेवर घेतात आणि चपला हातात धरून आवाज न करता बाहेर पडतात. आशीर्वादसुद्धा त्यांच्यापैकी अनेकींच्या वाट्याला येत नाही. मग सभेत अध्यक्ष विचारतात, 'कोणाची हरकत?' हरकत कोणाचीच नसते, आणि कार्यवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिले जाते. ज्यांच्यामुळे मंडळी वाढली, त्या बाया तेव्हा एसटीत उभ्या असतात.

आणखी एक गोष्ट कंपाउंडमध्ये राहणाऱ्या नोकरदार कुटुंबांच्या लक्षात येत नाही. मजुराची सुट्टी रविवारी नसते, ती बाजाराच्या दिवशी असते. आठवड्याचे पैसे त्याच दिवशी हातात पडतात, तेल-मीठही त्याच दिवशी घेतले जाते. कापसाची वेचणी जोरात असते तेव्हा किलोमागे पैसे मिळतात, आणि रविवार सोडला तर त्या दिवसाची वेचाई बुडते. अशा वेळी 'नवीन कुटुंबांची हजेरी कमी झाली, त्यांचा विश्वास कच्चा आहे' असे बोलले जाते, ते ऐकून मला फार वाईट वाटते. ध्येय ठरवायचे असेल तर वडीलजनांनी संध्याकाळी त्यांच्या अंगणात जाऊन बसावे. मंदिरात बोलावून विचारले, तर त्या 'साहेब म्हणतील तसे' एवढेच म्हणतील.

जुनीवेस

वेचणी ताई, एसटीची गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि ती मनाला लागली. सभा उपासनेआधी घेता येईल, किंवा उपासनाच अर्धा तास लवकर सुरू करता येईल. एवढे तर कोणत्याही ध्येयाशिवाय येत्या रविवारपासून करता येईल. परंतु सर्वांचे ऐकून घेणे आणि सर्वांनी मिळून ठरवणे यांत मी अजूनही फरक करतो.

काळीमाती

या दोन बाजूंमध्ये, यरुशलेमेचा पडका कोट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याचे बायबलमधील पुस्तक उभे आहे असे मला वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जुनीवेस म्हणतात त्याप्रमाणे सुरुवात एका माणसापासून होते. नहेम्या रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. यरुशलेमेत पोहोचल्यावर मोजकी माणसे सोबत घेऊन रात्री पडक्या कोटाची पाहणी करतो, आणि देवाने आपल्या मनात काय घातले आहे ते तोपर्यंत कोणालाही सांगत नाही. मात्र दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे तो लोकांपुढे उभा राहतो, तेव्हा 'आपली दुर्दशा तुम्ही पाहतच आहात, चला, आपण बांधू' अशा आशयाचे बोलतो. आणि 'उठा, बांधू या' हे उत्तर लोकांचे असते. तिसऱ्या अध्यायात पुष्कळांच्या वाट्याला आपापल्या घरासमोरचाच कोट आलेला दिसतो. शल्लूमाबरोबर त्याच्या कन्यांनी डागडुजी केली, याचीही तिथे नोंद आहे. तकोवा येथील श्रीमंतांनी काम करण्यास मान वाकवली नाही, हेसुद्धा स्पष्ट लिहिले आहे. तरीही तकोवाच्या सामान्य लोकांनी आपला भाग पुरा करून पुढे आणखी एक भाग बांधला. पांदणवाट यांनी विचारले आहे की, न पटणाऱ्यांचे काय करावे. इथे न पटणाऱ्यांना हाकलून दिलेले नाही आणि त्यांच्यासाठी काम थांबवलेलेही नाही.

पण आपल्या भागातील प्रत्येक मंडळीने मोठ्याने वाचावा असा अध्याय पाचवा आहे. कोट अर्धा झालेला असताना लोकांचा, आणि तिथे स्पष्ट लिहिले आहे की त्यांच्या बायकांचाही, मोठा आक्रोश उठतो. आम्ही शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकून धान्य घेतले आहे, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले आहे, आमची मुले दास्यात जात आहेत, असे ते सांगतात. आणि त्यांचे सावकार परके नसतात, त्यांचेच भाऊबंद असतात. अशा वेळी नहेम्याने 'आधी कोट पुरा होऊ द्या, मग पाहू' असे म्हटले नाही. त्याने मोठी सभा भरवली, सरदारांना व अधिकाऱ्यांना जाब विचारला, शेते आणि व्याज परत करायला लावले, आणि स्वतः सुभेदार म्हणून मिळणारा भत्ताही घेतला नाही. त्यानंतर कोट बावन्न दिवसांत पुरा झाल्याचे सहाव्या अध्यायात वाचायला मिळते.

सोयाबीनचा भाव पडलेला असताना आणि बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक, गेलेली असताना मोठ्या मंदिराची वर्गणी गोळा करायला निघालेल्या मंडळीने, आपल्याच एखाद्या सभासदाचे शेत दुसऱ्या सभासदाकडे गहाण आहे का, हे आधी स्वतःला विचारले पाहिजे. माझ्या माहितीत अशी उदाहरणे आहेत, म्हणून हे लिहितो. एकाच प्रभूभोजनाला गुडघे टेकणाऱ्या दोघांमध्ये असा व्यवहार असेल, तर त्यांचे ध्येय एक कसे होईल?

संत्राबाग

काळीमाती सर, पाचव्या अध्यायाकडे मी कधी असे पाहिले नव्हते. बुधवारच्या वचनाभ्यासात आम्ही तो घेणार आहोत. पण कर्जाचा विषय मंडळीत काढायचा कसा? माणसे लाजेने मरतील, पण सांगणार नाहीत.

काळीमाती

चारचौघांत विचारू नयेच. आमच्याकडे दोन वयस्कर आणि तोंडाला कुलूप असलेल्या माणसांवर हे काम सोपवले आहे. त्यांना काय कळले हे कमिटीसही सांगितले जात नाही, फक्त किती मदत लागेल एवढेच सांगितले जाते. दवाखाना आणि शाळा-कॉलेजची फी यांसाठी वेगळा निधी ठेवला आहे, कारण बहुतेक खासगी कर्ज या दोन गोष्टींसाठीच काढले जाते. विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो आणि चौकशीअंती जमीन परत मिळवून देण्याची तरतूद त्यात आहे. हे आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना माहीत असते. असा अर्ज लिहून देणारा एक माणूस मंडळीत असणे, हीसुद्धा सेवाच आहे.

मेळघाटवारा

आमच्या घरसभांना येणारी बरीच कुटुंबे कोरकू आदिवासी आहेत. त्यांना मराठी समजते, बाजारात ती बोलताही येते, पण दुःख झाले की ती माणसे कोरकूतच प्रार्थना करतात. आमच्या कमिटीने ध्येय ठरवण्यासाठी प्रश्नावली काढली, ती प्रमाण मराठीत छापलेली होती. कागद भरून आले, परंतु पुष्कळ कागदांवरचे हस्ताक्षर एकच होते. गावातील शिकलेल्या एका मुलानेच सर्वांच्या वतीने ते भरले होते. त्या मुलाचा काही दोष नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय इथे उपयोगी पडतो. मंडळी वाढू लागली तेव्हा पहिली कुरकुर भाषेच्या सीमेवरच झाली. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी स्वतःच सात जणांना नेमून टाकले नाही, ते निवडण्याचे काम साऱ्या शिष्यगणाला दिले. जे सात जण निवडले गेले त्या सर्वांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातूनच माणसे पुढे आणली गेली, असे त्यावरून दिसते. आम्ही त्यानंतर कोरकू जाणणाऱ्या दोन बहिणींना कमिटीत घेतले आणि प्रश्नावली रद्द करून गावोगावी बसलो. तेव्हा कळले की त्यांना मंदिराची निकड वाटतच नव्हती. रात्री-बेरात्री बाळंतीण अडली किंवा कोणाला साप चावला, तर धारणीपर्यंत किंवा पुढे अमरावतीपर्यंत सोबत जाईल, डॉक्टरांशी बोलेल असे कोणीतरी हवे, हे त्यांचे पहिले म्हणणे होते.

परतवाड्याजवळच्या कोठारा येथील कुष्ठरुग्णांचा दवाखाना आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. ख्रिस्ती माणूस म्हणजे आजाऱ्याला हात लावणारा माणूस, ही ओळख तिथून आलेली आहे. नवे ध्येय लिहिताना ती ओळख हरवू नये, एवढी माझी विनंती आहे.

नागपूरपायरी

किती दिवस द्यावेत, या प्रश्नावर अजून कोणी लिहिले नाही, म्हणून आपल्याच विदर्भातील उदाहरण देतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्या ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली होती. चाळीस वर्षे तुम्हाला लागू नयेत. पण घाई केल्याने ऐक्य होत नाही, हे त्यावरून कळते.

त्या बोलण्यांतील एक गोष्ट मला विशेष वाटते. बाप्तिस्मा बालकांना द्यावा की विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्यांनाच द्यावा, यावर सहा मंडळ्यांचे एकमत नव्हते आणि होण्यासारखेही नव्हते. म्हणून दोन्ही प्रथांना एकाच मंडळीत जागा देण्यात आली. ज्या गोष्टीवर एकमत अनिवार्य आहे ती कोणती आणि जिथे दोन रीती शेजारी शेजारी नांदू शकतात ती कोणती, हे आधी वेगळे केले गेले. तुमच्याकडे येणारी नवी कुटुंबेही वेगवेगळ्या पार्श्वभूमीची असतील. काही जण टाळ्या वाजवून गाणारे असतील, काहींना पुस्तकातील जुनी गीते पेटीवर हवी असतील. अशा बाबी ध्येयाच्या सभेत आणूच नका. त्यांत संपूर्ण संध्याकाळ निघून जाते आणि मुख्य विषय राहून जातो.

हेही सांगितले पाहिजे की, त्या बोलण्यांत दीर्घ काळ सहभागी असलेली अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी शेवटच्या टप्प्यावर ऐक्यात आली नाही. तरीही तिला कोणी परके मानले नाही. आमच्या शहरात आम्ही अनेक उपासना त्यांच्याबरोबर करतो.

हिशेबनीस

मी मंडळीचे हिशेब पाहतो, त्यामुळे माझे लिहिणे रुक्ष वाटेल. पण बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूनेच सांगितले आहे.

मंदिराचा निर्णय होण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या. सध्याची जागा कोणाच्या नावावर आहे? मिशनकडून आलेल्या जागा अनेकदा मूळ संस्थेच्या किंवा एखाद्या प्रॉपर्टी ट्रस्टच्या नावावर असतात आणि स्थानिक कमिटीला तिथे वीटही हलवता येत नाही. मंडळी स्वतंत्र ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. विश्वस्त किंवा मालमत्ता यांत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, स्थावर मालमत्ता विकायची किंवा ट्रस्टसाठी कर्ज काढायचे तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. नवी जागा शेतजमीन असेल, तर ती संस्थेला घेता येते का आणि अकृषिक होते का, हे वकिलांना विचारल्याशिवाय इसार देऊ नका.

यामुळे ध्येयावरही परिणाम होतो. आमच्याकडे बांधकाम सुरू झाल्यावर दानार्पणातील जवळजवळ सर्व रक्कम सिमेंट-सळाखीत गेली आणि खेड्यांतील भेटी थांबल्या. मंदिर सुंदर झाले आहे, त्याबद्दल देवाची स्तुती. परंतु ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांच्यापैकी काही घरे त्या काळात भेटीविना राहिली आणि नंतर येईनाशी झाली.

तिसरीपाळी

मी बुटीबोरीच्या कारखान्यात काम करतो आणि गावच्या मंडळीचा सभासद आहे. 'वाढती मंडळी' म्हणताना कोणत्या दिवशीची संख्या धरली आहे, हे पाहावे अशी माझी सूचना आहे. नाताळात आमच्यासारखे बाहेर गेलेले सर्व जण परत येतात आणि मंदिर ओसंडते. जूनमध्ये पेरणीच्या वेळी तेच मंदिर अर्धे रिकामे असते. नाताळच्या गर्दीवरून इमारतीचे माप घेऊ नये.

अभ्यासिकेबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. मजुरी करणाऱ्या घरात एकच खोली असते. तिथे रात्री दिवा लावला की दिवसभर राबलेल्या आईची झोप मोडते, म्हणून मुलगी पुस्तक मिटते. मंदिराची इमारत सोमवारपासून शनिवारपर्यंत कुलूपबंद असते. तिथे विजेचे दिवे आहेत, पंखे आहेत, सतरंज्या आहेत. अभ्यासिकेसाठी नवीन काहीही बांधावे लागत नाही. किल्ली कोणाकडे राहील आणि रात्री नऊपर्यंत कोण थांबेल, एवढेच ठरवावे लागते. गावातील सर्व धर्मांच्या मुलांना तिथे बसू द्यावे. आम्ही काही तरुण विजेचे बिल भरायला तयार आहोत, असे आमच्या कमिटीला कळवले आहे.

पाळकघर

मी पाळकांच्या घरातून लिहीत आहे. मंडळी वाढते तेव्हा तिचा भार कोणावर पडतो, हे या धाग्यावर अजून आलेले नाही. रविवारी सकाळी तालुक्याची उपासना, दुपारी एका खेड्यात, संध्याकाळी दुसऱ्या खेड्यात घरसभा. मधल्या दिवसांत अंत्यविधी, लग्ने, सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती असलेल्यांच्या भेटी, आणि पोलीस ठाण्यात कोणाला बोलावले तर तिथेही पाळकच. जेवणाचे ताट झाकून ठेवणे हा आमच्या घरचा नियमच झाला आहे. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला सांगतो की, हे काम तुला एकट्याला झेपणार नाही, तू थकशील आणि लोकही थकतील. इथ्रोचे हे बोलणे वडीलजनांनी पाळकांसाठी बोलावे, असे मला वाटते.

म्हणून सेवक नेमण्याच्या बाजूने माझे मत आहे. तो बाहेरून आणण्याऐवजी खेड्यांतल्याच कोणाला तयार करावे, असेही सुचवते. यवतमाळात १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था होती. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. आपल्या दारातील शिक्षण दूर गेल्यावर आपण स्थानिक माणसे घडवण्याचे मनावर घेतले नाही. घरसभा चालवणाऱ्या दोन-तीन भावांना आणि बहिणींना उन्हाळ्यात शेतीची कामे नसताना महिनाभर वचनाचे शिक्षण देता येते. त्या महिन्याची त्यांची मजुरी मंडळीने भरून द्यावी, म्हणजे त्यांच्या घरची चूल अडणार नाही.

जुनीवेस

सर्वांचे वाचले. धागा आता मंदिर, सेवक आणि अभ्यासिका यांच्या गुणदोषांकडे वळला आहे. पांदणवाट यांचा मूळ प्रश्न अधिकाराचा होता, त्याकडे परत येतो.

काळीमाती यांनी नहेम्याची जी मांडणी केली, तिच्यामुळे माझे म्हणणे मला अधिक स्पष्ट झाले. ओझे एका माणसाच्या किंवा काही माणसांच्या मनात देव घालतो. ते त्यांनी लपवू नये आणि बहुमताची वाट पाहत बसूही नये. पण ते ओझे खरोखर देवाचे आहे की त्यांच्या आवडीचे, हे मंडळीच्या तोंडून पारखले जाते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरामध्ये पेत्र, बर्णबा आणि पौल यांनी आधी अनुभव सांगितले, लोक शांतपणे ऐकत होते, याकोबाने वचनाशी ताडून निष्कर्ष मांडला, आणि साऱ्या मंडळीच्या संमतीने माणसे निवडून पत्र पाठवले गेले. अनुभव, वचन आणि संमती या क्रमाने काम झाले. तुमच्याकडे पहिला भाग राहिला आहे : खेड्यांतील माणसांचा अनुभव अजून कोणी ऐकलेला नाही. तो ऐकेपर्यंत मसुदा लिहू नये. ऐकल्यावर मात्र लिहिण्याचे काम पाळक आणि दोन-तीन वडीलजनांनी प्रार्थनापूर्वक करावे. पन्नास जणांनी मिळून एक पान लिहिता येत नाही.

वर्धाकाठ

काका, इतके मला पूर्णपणे मान्य आहे. ते पान लिहिताना वाक्ये कमी आणि नावे जास्त असावीत, म्हणजे कोणती खेडी, कोणते काम, कोणाची जबाबदारी. आणि तीन वर्षांनी ते पुन्हा उघडून पाहण्याची तारीख त्यावरच लिहावी.

पांदणवाट

सर्वांचा मनापासून आभारी आहे. हा धागा छापून मी पाळकसाहेबांना दिला. काल कमिटी बसली आणि पुढील गोष्टींवर एकमत झाले. बाहेरून आलेला मसुदा आदराने बाजूला ठेवला आहे. उलंगवाडी, म्हणजे कापसाचा हंगाम आटोपणे, होईपर्यंत मंदिराबाबत कोणताही ठराव घ्यायचा नाही. तोपर्यंत दर आठवड्याला एका खेड्यात, संध्याकाळी, दोन वडीलजन आणि महिला मंडळाच्या दोन बहिणी जाऊन बसतील. आधी वचन वाचतील, प्रार्थना करतील, मग फक्त दोन गोष्टी विचारतील : गेल्या वर्षी मंडळीची सोबत तुम्हाला कधी मिळाली, आणि हवी असताना कधी मिळाली नाही? मंदिर हवे की सेवक, असे विचारायचे नाही. लोकांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवायचे आणि नावे लिहायची नाहीत.

अभ्यासिका मात्र थांबवलेली नाही. तिसरीपाळी यांचे लिहिणे वाचून कोषाध्यक्षांनी स्वतःहून किल्लीची जबाबदारी घेतली. जागेची कागदपत्रे काढण्याचे कामही सुरू केले आहे; हिशेबनीस यांना शंका आली होती त्याप्रमाणे सातबाऱ्यावर आमच्या मंडळीचे नाव नाही.

मोठ्या मंदिराचा आग्रह धरणारे आमचे एक ज्येष्ठ वडीलजन नाराज आहेत. त्यांनीच तरुणपणी जुन्या मंदिराच्या विटा वाहिल्या आहेत, त्यामुळे त्यांची तळमळ मी समजू शकतो. खेड्यातील पहिल्या बैठकीला त्यांनीच वचन वाचावे, अशी विनंती पाळकसाहेब त्यांना करणार आहेत.

वेचणी

पांदणवाट भाऊ, वाचून फार समाधान वाटले. एक सूचना आहे. बैठका बाजाराच्या दिवशी ठेवू नका. त्या दिवशी सुट्टी असली तरी बाया उशिरा परततात आणि बाजारहाट लावण्यात रात्र होते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, स्वयंपाक आटोपल्यावर, साडेसातनंतर बसा. आणि पुरुषांची व बायांची बैठक निदान पहिल्या वेळी वेगळी घ्या. नवरा किंवा सासू समोर असली, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळणार नाही.

पांदणवाट

ताई, दोन्ही सूचना महिला मंडळाला आजच कळवतो. पहिले खेडे कोणते घ्यायचे ते रविवारी ठरेल. त्या रविवारी सभा उपासनेआधी, दहा वाजता आहे.